शिवडीसमोरचं बंदर आणि रोजची ठिगळं

शिवडीहून निघणारा अटल सेतू ज्या न्हावा-शेव्याकडे जातो, तिथल्या बंदरातलं एक टर्मिनल जून 2017 मध्ये ठप्प झालं. कंटेनरांचा हिशेब ठेवणारे संगणकच ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने निकामी केले होते. तो ज्या फटींतून पसरला त्यातल्या एकीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. सॉफ्टवेअरच्या नव्या क्रमांकाच्या आवृत्तीची वर्षानुवर्षं वाट पाहणं म्हणूनच परवडत नाही. दुरुस्तीचं ठिगळ तयार झालं की लावावं लागतं. पण गंमत अशी, की नॉटपेट्या शिरला तोच युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! शिवाय 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. अपडेटच धोका आणू शकतात हा आक्षेप खरा आहे, मात्र त्याचा रोख अपडेटांच्या वारंवारतेवर नको, आंधळ्या घाईवर हवा. क्राउडस्ट्राइकचं ते अपडेट आधी मूठभर यंत्रांवर चालवून पाहिलं असतं, तर तिथेच बिघाडाचा निळा पडदा दिसला असता.