कातळातील हिरवा थर आणि भाताचा पालाश

भिवंडी तालुक्यात विहीर खोदताना अथवा दगडाच्या खाणीत काळ्या कातळाच्या पोकळ्यांना आतून हिरवट, मऊ थर चिकटलेला पुष्कळदा आढळतो. समुद्रात तयार होणाऱ्या एका हिरव्या खनिजात पालाश असतो, हे ज्यांच्या वाचनात आले आहे, त्यांना हा थर खरवडून खाचरात टाकावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते खनिज निराळे व हा थर निराळा.

समुद्रातील खनिजास ग्लॉकोनाइट म्हणतात. उथळ समुद्राच्या तळाशी जेथे गाळ फार सावकाश साचतो, तेथे चिकणमातीचे कण व सूक्ष्म जलचरांच्या विष्ठेच्या गोळ्या यांत लोह व पालाश मुरून लाखो वर्षांत त्याचे वाळूएवढे हिरवे दाणे बनतात. आपल्या देशात कच्छमधील गाळाच्या खडकांत ते सापडते. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात एकोणिसाव्या शतकात शेतकरी ही हिरवी वाळू गाड्या भरभरून शेतात घालीत. मँगॅनीजचा लेप दिलेली हीच वाळू पाण्यातील लोह काढून टाकण्यासही उपयोगी पडते.

भिवंडीचा कातळ मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या पोकळ्यांतील हिरवा थर बहुधा सेलाडोनाइटचा असतो. तो ग्लॉकोनाइटचा जवळचा नातलग असून त्यातही पालाश असतो. पण दोहोंतील पालाश स्फटिकाच्या पापुद्र्यांत जखडलेला असल्याने पाण्यात सहज विरघळत नाही व पिकास फार हळू मिळतो. शिवाय ग्लॉकोनाइटमध्ये पालाशाचे प्रमाण साधारण ४ ते ८ टक्केच. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते सुमारे ६० टक्के. पोकळीतील पातळ थर खरवडण्याची मजुरीदेखील भरून निघणार नाही.

भाताने जमिनीतून घेतलेल्या पालाशाचा बराच मोठा भाग दाण्यात नव्हे, तर पेंढ्यात असतो. सगळा पेंढा विकला म्हणजे तो पालाशही गाडीतून शेताबाहेर जातो. गुरांना घातलेल्या पेंढ्यातील पालाश बहुतांशी मूत्रातून बाहेर पडतो. म्हणून गोठ्यातील मूत्र वाहून न देता ते शोषलेले गवत उकिरड्यात टाकावे. राब भाजल्याने नत्र व सेंद्रिय द्रव्य जळून जाते, हे नुकसान लहान नाही. तथापि राखेतील पालाश रोपांस लगेच उपलब्ध होतो. चुलीची राखही कोरडी साठवावी. पावसात भिजल्यास तिच्यातील पालाश धुपून जातो. मात्र राख व अमोनियम सल्फेट एकत्र मिसळू नयेत. तसे केल्यास खतातील नत्र अमोनियारूपाने उडून जातो.

म्युरेट ऑफ पोटॅश किती द्यावे, हे माती तपासून घेऊनच ठरवावे.