आपलं पोर, आपला हात आणि कायदा

‘गोव्यात पोराला एक चापट मारली तरी तीन वर्षं आत.’ पेडणे-डिचोलीकडे काही पालक असं धास्तावून बोलतात, तर काही बेफिकीर असतात: ‘पोर माझं, कायद्याचा काय संबंध?’ दोन्ही समज अर्धवट आहेत.

धास्तीचं मूळ 2003 च्या गोवा बाल कायद्यात आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचा छळ, मग तो नेहमीचा असो वा एकदाच झालेला, ‘बाल अत्याचार’ ठरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय एक लाख रुपये दंड. आईबापांना यातून वगळलेलं नाही. व्याख्या फारच सैल होती. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला आवर घातला. मुलाला दप्तराने मारल्याचा तो गोव्यातलाच खटला. आरोपी त्याचा पालक नव्हता. क्रौर्याचा किंवा छळाचा हेतू नसेल, तर एखादी सुटी घटना बाल अत्याचार होत नाही, असं न्यायालय म्हणालं. मात्र साध्या मारहाणीचा गुन्हा कायम राहिला. निकाल सांगताना लोक नेमकं हेच गाळतात.

मग आईबापांना मोकळीक आहे का? त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 27 (जुन्या दंडसंहितेतलं 89) पुढे केलं जातं. त्यात मारण्याचा उल्लेखही नाही. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेली कृती गुन्हा नाही, एवढंच ते म्हणतं. जाणूनबुजून केलेली गंभीर दुखापत त्यात बसत नाही. आठवीतल्या पोरावर पट्टा उगारणाऱ्या बापाला या कलमाचा आडोसा मिळत नाही.

शाळेत तर मार बंदच आहे. ‘द्या दोन फटके, गुरुजी’ म्हणून पालकांना ती बंदी उठवता येत नाही.

‘मार खाऊनच आम्ही घडलो’ म्हणणारे ‘श्यामची आई’चा दाखला देतात. पोहायला जायचं टाळून लपलेल्या श्यामला आई मारते, हे खरंच. पण पुस्तकभर श्याम वळणावर येतो तो मुख्यतः तिच्या बोलण्यातून. 2016 मध्ये गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी सुमारे 1,60,000 मुलांवरची संशोधनं एकत्र तपासली. फटके खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त दिसला. कारण मारच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण माराने पोरं सुधारतात, याचाही पुरावा मिळाला नाही.

घरातल्या मारावर सरसकट बंदी म्हणजे आईबापांना तुरुंग, हा आणखी एक समज. 1979 मध्ये अशी बंदी पहिल्यांदा स्वीडनने घातली, तेव्हा त्या तरतुदीत शिक्षाच ठेवली नव्हती.