कमावलेला आवाज

नवरात्रात तुळजापूरला आराध्यांचे मेळे रात्र-रात्र देवीची गाणी म्हणतात. संबळ, झांज, तुणतुण्यावर ताण करत आवाज चढलेला असतो आणि पहाट झाली तरी उतरत नाही. ऐकणारा हात जोडून म्हणतो, "गळ्यात आईच बसलीय, माणसाचं काम नव्हे हे." श्रद्धेचा पूर्ण मान राखून सांगते, की या बोलण्यात त्या गाणाऱ्याची पंधरा-वीस वर्षांची मेहनत बुजून जाते.

"गोंधळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही, रक्तातच असतं," हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. भवानीच्या कदमराई गोंधळ्यांच्या घरात मूल कसं तयार होतं ते बघा. आधी ते दिवटी धरून नुसतं ऐकत उभं राहतं. मग हातात तुणतुणं येतं. तुणतुण्याला तार एकच, आणि ती रात्रभर एकच सूर देते. षड्ज कानात मुरायला याहून चांगली शाळा नाही. गवयाचा तंबोरा वेगळं काय करतो? पुढे झील धरायची, म्हणजे नाईकाच्या (मुख्य गोंधळ्याच्या) ओळीचा शेवट त्याच पट्टीत, त्याच लयीत उचलायचा. चुकलं तर तिथल्या तिथे नाईकाची नजर फिरते. आख्यानं ऐकून-ऐकून मुखोद्गत होतात, आणि मग एखाद्या रात्री नाईक बाजूला सरकून त्याला पुढे करतो. वर्ग नाही, परीक्षा नाही, म्हणून याला तालीम म्हणायचं नाही, हा मला अन्याय वाटतो.

रात्रभर गळा टिकतो त्याचं एक कारण या झिलीतच आहे. झीलकरी म्हणतात तेवढा वेळ नाईकाचा घसा विसावतो. मधूनमधून गद्य निरूपण येतं, विनोद येतो, संबळ एकटाच वाजतो. ज्यांनी ही मांडणी घडवली त्यांना गळा कुठे थकतो हे ठाऊक होतं.

दुसरी समजूत जास्त घातक आहे: "जितकं ओरडशील तितका गळा खुलेल." स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या दोन नाजूक घड्या. काळी चारमध्ये गाणारी बाई तार षड्ज लावते तेव्हा त्या सेकंदाला चारशेहून अधिक वेळा एकमेकींना भिडतात. जोर लावून ओरडलं तर त्या सुजतात. रोजच तसं झालं तर कुदळ धरणाऱ्याच्या तळहातासारखे त्यांच्यावर घट्टे पडतात. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुणपणी अतिगायनानेच गेला होता. परतला तो पूर्वीचा नव्हता. त्याला झेपेल अशी पेचदार, लयीशी बांधलेली गायकी त्यांनी घडवली आणि पुढे कोल्हापुरात शिष्यांना दिली. एवढ्या मोठ्या गवयालाही गळ्याने माफ केलं नाही.

रियाजाने स्वरतंतूंची लांबी वाढत नाही, त्यामुळे ज्याची त्याची पट्टी बरीचशी ठरलेलीच असते. सुधारतो तो ताबा: श्वास किती सोडायचा, सूर कुठे लावायचा, कानाने ऐकलेलं गळ्याने नेमकं कसं उचलायचं. म्हणून सकाळी खर्जात शांतपणे सूर भरणं हे रात्री किंचाळण्यापेक्षा कितीतरी मोलाचं. गोंधळात वरची पट्टी लागते ती संबळाच्या वर ऐकू जावं म्हणून. ती गरज आहे, गाण्याचा दर्जा नव्हे. दमसास छातीच्या रुंदीवर अवलंबून असतो, हेही अर्धवट खरं. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने जवळजवळ निकामी केलं, काही वर्षं गाणं बंद राहिलं. त्यानंतर आहे त्या श्वासाचा हिशेब करून ते जे गायले, ते आपण आजही ऐकतो.

मुलगा तेरा-चौदाचा झाला, आवाज फुटला, की "याचं गाणं संपलं" म्हणून घरचे मोकळे होतात. खरं तर त्या वयात स्वरयंत्र वाढतं आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली येतो, एवढंच. काही महिने वरचे सूर ओढायला लावू नयेत, हलकं गाऊ द्यावं, तालाकडे लक्ष वळवावं. सूर परत बसतो.

आणि ज्येष्ठमध, मध, गरम पाणी? घशाला बरं वाटतं, पण गिळलेलं काहीच स्वरतंतूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेत जातं. दिवसभर पुरेसं पाणी पिण्याचा उपयोग होतो, कारण अंगातला ओलावा तिथवर पोचतो. बसलेल्या आवाजात कुजबुजत बोलण्यानेही काही जणांच्या गळ्यावर ताण येतो. गप्प बसणं हाच उतारा.

नवरात्रानंतर आवाज बसणं नेहमीचंच, दोन-चार दिवसांत तो सुटतो. पण तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा गेला नाही, त्यातून तंबाखूची सवय असेल, तर काढ्यांवर दिवस काढू नका. सोलापूर तुळजापुराहून ४५ किलोमीटरवर आहे; कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरयंत्र दाखवून या.