डाल्यात बसणाऱ्यांचा कणा

गाडी उलटल्यावर मागच्या डाल्यातला जखमी माणूस खाली कसा उतरवायचा, हे फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आमचे एक मामाजी बपेरा गावच्या पोरांना शिकवतात. ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली उभी करतात, एका पोराला तिच्यात आडवं निजवतात. बाकीचे भोवती जमतात. मीही तिथेच उभा राहून पाहत होतो.

हात लावण्याआधी मामाजी दुखापत समजावून सांगतात. फौजी ट्रकच्या डाल्यात दोन्ही बाजूंना लांब बाकं असतात, जवान समोरासमोर बसतात. कित्येक गाड्यांत मागे पट्टे नसतात. ड्रायव्हरला खड्डा दिसतो, तो स्टीअरिंग घट्ट धरतो. मागच्याला काहीच दिसत नाही. चाक दगडावरून घसरलं की बाक खाली जातं, शरीर क्षणभर अधांतरी राहतं आणि वर येणाऱ्या बाकावर आदळतं. तो दणका बैठकीतून थेट कण्यात शिरतो. छातीमागचा ताठ कणा आणि कमरेचा लवचिक कणा जुळतात, तिथला मणका बहुधा दबतो. गाडी न उलटता, अंगावर ओरखडाही न उमटता हे घडू शकतं. उलटलीच, तर बाहेर फेकलेला माणूस गाडीखाली सापडतो आणि आतल्यावर दारूगोळ्याच्या पेट्या, जेरीकॅन येऊन पडतात. म्हणून मामाजींचे दोन नियम: सामान बांधल्याशिवाय माणसं चढणार नाहीत, आणि डाल्याच्या मागच्या फाळक्यावर कोणी बसणार नाही.

मग प्रत्यक्ष काम. आधी श्वास आणि वाहतं रक्त बघायचं. एकाने डोकं दोन्ही हातांत स्थिर धरायचं. पुढचे सगळे हुकूम त्याचेच. "उचलू नोका, अगोदर विचारा. पाय हालते का? बोटाले लावलेला हात समजते का?" दुसरा खांद्याशी, तिसरा कमरेशी, चौथा गुडघ्यांशी. फाळका पाडला जातो. एका आकड्यावर चौघेही देह एकसंध कुशीवर वळवतात, पाठीमागे फळी सरकवतात आणि पुन्हा उताणा करतात. कानांशी कपड्याच्या गुंडाळ्या, वरून पट्टे. गाडीने पेट घेण्याची भीती असेल तरच थांबायचं नाही. काखेत हात घालून अंगाच्या सरळ रेषेत ओढायचं.

पोरं पहिल्यांदा हमखास हात-पाय धरून उचलायला जातात. दबलेला मणका त्या झोळीत आणखी वाकतो आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते. चालू शकणारा माणूस जन्मभर अंथरुणाला खिळू शकतो.

27 मे 2022 रोजी लडाखमध्ये तुर्तुककडे जाणारं लष्कराचं वाहन श्योक नदीकडे कोसळलं. आत 26 जवान होते. 7 गेले, बाकी जखमी झाले. त्याच वर्षी 23 डिसेंबरला उत्तर सिक्कीममध्ये झेमा इथे ट्रक घसरून 16 जवान गेले. मृतांचा आकडा लक्षात राहतो. वाचलेल्यांच्या पाठींची चौकशी आपण करत नाही.

ही दुखापत वर्दी बघून होत नाही. रोवणीच्या दिवसांत आपल्याकडे बायाबापड्या ट्रॉलीत बसून पांदण रस्त्याने बांधीवर जातात. ट्रॉलीत ना बाक, ना धरायला दांडी, आणि कित्येक ट्रॉल्यांना स्प्रिंगही नसते. अपघात झाला तर 108 ची गाडी येईपर्यंत माणूस आपल्याच हातांत असतो. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीत एक भक्कम लांब फळी, चार पट्टे आणि हे काम शिकलेली चार माणसं रोवणीआधी तयार हवीत. हा खर्च एका गावाला नक्की झेपेल.