‘जोगवा’मधली सुली आणि आपल्या गावातली जट

मैत्रिणींनो, नवरात्र जवळ आलं की आपल्याला पाथर्डीच्या मोहटादेवीची ओढ लागते. परडी घेऊन आपण पाच घरी जोगवा मागतो. तो आपण आपल्या मनानं मागतो. पण जिला तो आयुष्यभर मागावाच लागतो, तिचं काय? हे समजून घ्यायचं असेल तर ‘जोगवा’ हा मराठी सिनेमा गटानं एकत्र बसून बघावा.

राजीव पाटील यांचा हा सिनेमा 2009 साली आला. त्यातली सुली (मुक्ता बर्वे) चारचौघींसारखी मुलगी. एक दिवस तिच्या केसांत जट दिसते. झालं! देवीचं बोलावणं आलं म्हणून तिला जोगतीण करतात. लोक पाया पडतात, पण सून म्हणून कुणी घरात घेत नाही. तिला भेटतो तायाप्पा (उपेंद्र लिमये). पुरुष असून देवीच्या नावानं त्याला लुगडं नेसायला लावलेलं.

अजय-अतुल यांची गाणी ऐकताना आपले पाय आधी ताल धरतात, आणि मग लक्षात येतं की नाचणाऱ्या बाईला परत जायला स्वतःचं घरच नाही. या सिनेमाला सामाजिक विषयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लिमये आणि अजय-अतुल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

आता मुद्द्याचं. जट म्हणजे काय? केस नीट धुतले-विंचरले नाहीत की गुंता होतो. त्यात तेल, धूळ, घाम बसतो. वर हळद-कुंकू, भंडारा लावला की तो गुंता आणखी घट्ट होतो. यात कोप नाही की बोलावणं नाही. जट वाढली की मान दुखते, उवा होतात, डोक्यात जखमा होतात.

कायदाही बाईच्या बाजूनं आहे. मुलीला देवाला सोडणं हा गुन्हा आहे. मुंबई इलाख्यात असा कायदा 1934 साली झाला, आणि महाराष्ट्रानं 2005 साली नवा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा केला.

गट काय करू शकतो?

- जट दिसली तर त्या बाईला हसू नका, नमस्कारही करू नका. शेजारी बसून बोला.
- जबरदस्तीनं कापू नका. तिची आणि घरच्यांची भीती आधी ऐका. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजूत घालायला आणि जट सोडवायला मदत करतात.
- डोक्यात जखम असेल तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा.
- जट काढल्यावर महिनाभर तरी तिच्या घरी जात राहा. घरात कुणाला साधा ताप आला तरी लोक तिलाच बोल लावतात. त्या वेळी तुम्ही तिथं हव्यात.

सुलीला जट आली, तेव्हा ‘अगं, हा केसांचा गुंता आहे’ असं सांगणारी एकही बाई पुढे आली नाही. आपल्या गावात ती बाई आपल्या गटातली असू दे.