कंधार कुठलं, हे ठाऊक असलेला अनुवादक

फारसी कागदात ‘कंधार’ असं नाव आलं की वाचणाऱ्याला थांबावं लागतं. एक कंधार अफगाणिस्तानातलं. शाहजहानच्या फौजांनी १६४९, १६५२ आणि १६५३ असा तीनदा त्याला वेढा घातला आणि तीनदा रिकाम्या हातानं परतल्या. दुसरं आपलं, लोह्याजवळचं. ते मोगलांनी १६३१ मध्ये घेतलं. दोन्हीकडे किल्ला, दोन्हीकडे मोगल, आणि लिपी शिकस्ता, म्हणजे घाईत खरडलेली. तिच्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, बहुतेक वाचणाऱ्याच्या भरवशावर सोडलेले असतात. अशा कागदांचं मराठी करायला नुसती फारसी पुरत नाही, मुलूखही पायाखालचा असावा लागतो.

अशा कागदांचं मराठी करणाऱ्या सेतुमाधवराव पगडींना हा मुलूख जन्मानंच मिळाला होता. २७ ऑगस्ट १९१० रोजी ते निलंग्यात जन्मले. आज निलंगा आणि अहमदपूर लातूर जिल्ह्यात येतात, पण हा जिल्हा १९८२ चा. त्या काळी अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तिन्ही तालुके निजामाच्या बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते तेवढे तोडून मुंबई राज्याला जोडले गेले. या पट्ट्यात कन्नड, मराठी, तेलुगू कानावर पडत आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. पगडींना किती भाषा येत, याची मोजदाद त्यांचे चाहते हौसेनं करतात. मला त्या आकड्याचं फारसं अप्रूप नाही. बीदरच्या बाजारात दोन-तीन भाषा बोलणारा माणूस ही नवलाई नव्हती. नवलाई आहे ती त्यांनी नोकरीत असताना शिकलेल्या दोन भाषांची.

बनारस आणि अलाहाबादला शिकून ते हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत शिरले आणि पुढे आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात गेले. तिथं १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा पुढारी कोमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला होता. गोंडांच्या जमिनी जंगलखात्यानं आणि बाहेरून आलेल्या सावकारांनी गिळल्या होत्या. हे बंड का झालं, ते शोधायला निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला नेमलं. त्याच्या शिफारशींतून आदिवासींना पट्टे देण्याची मोहीम आणि मार्लवाईचं शिक्षक-प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. गोंडी वाचनपुस्तकं निघाली ती देवनागरीत. या कामावरच्या अधिकाऱ्यांत पगडी होते.

पट्टा देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तक्रार घेऊन येणारा माणूस मधल्या दुभाष्याला घाबरत असेल, तर ती तक्रार कागदावर येईपर्यंत सावकाराच्या सोयीची झालेली असते. पगडी गोंडी शिकले, कोलामीही शिकले, आणि नुसतं बोलण्यापुरतं शिकून थांबले नाहीत. ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक आलं, आणि १९५० मध्ये हैदराबादहून त्यांचं कोलामीचं व्याकरण निघालं. दोन्ही भाषा द्राविडी. मराठी माणसाला त्यांत पहिली ठेच लागते ती लिंगाची. आपली तीन लिंगं इथं उपयोगाची नाहीत. पुरुष एका गटात, आणि बाई, बैल, झाड, दगड हे सगळे एकवचनात दुसऱ्या गटात. क्रियापदही त्याच हिशेबानं बदलतं. व्याकरणकाराला अशा गोष्टी माणसांच्या तोंडून ऐकून, परत परत विचारून जुळवाव्या लागतात, आणि कोलामीला लिखित परंपरा नसल्यानं पडताळायला ग्रंथ नव्हता.

महाराष्ट्र मात्र त्यांना ओळखतो तो शिवकाळाचा इतिहासकार म्हणून. भीमसेन सक्सेना, खाफीखान यांच्या ग्रंथांतला मराठ्यांचा भाग त्यांनी मराठीत आणला. ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ हे काम तर फार किचकट. औरंगजेबाच्या छावणीत रोज काय घडलं, कोणाला मनसब मिळाली, कोणत्या ठाण्यावर मराठे आले, याच्या त्या त्रोटक नोंदी. त्यांच्या नकला जयपूरच्या दप्तरात राहिल्या आणि काही कर्नल टॉडमार्फत लंडनला गेल्या. तारखा हिजरी आणि बादशहाच्या जुलूसी, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेल्या वर्षांत, गावांची नावं फारसी कानानं ऐकलेली. शत्रूच्या दप्तरातून संताजी-धनाजी दिसतात ते आपल्या बखरींपेक्षा खरे वाटतात, कारण लिहिणाऱ्याला त्यांचं कौतुक करायचं नसतं. राज्याच्या गॅझेटियरचं संपादन, उर्दू कवितेचा मराठीतून परिचय, ‘जीवनसेतु’ हे आत्मचरित्र, १९९२ चं पद्मभूषण, हे सगळं पुढचं. १९९४ मध्ये ते गेले.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात एकट्यानं केलेलं काम कोलामीचंच. मोगल साधनांवर जदुनाथ सरकारांनी आधी वाट पाडली होती. कोलामीवर भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा मोठा ग्रंथ कॅलिफोर्नियातून आला तो १९५५ मध्ये, पगडींच्या पुस्तकानंतर. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात कोलामी शब्दांसाठी सेतुमाधवरावांचा आधार घेतलेला आहे. २०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या वर नोंदले गेले. त्यांतले काही किनवट तालुक्यात राहतात. हा तालुकाही १९५६ मध्येच आदिलाबादहून मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आला. तिथल्या कोलाम पोराला शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी शिकावी लागते, आणि त्याला शिकवणाऱ्या गुरुजींच्या उपयोगी पडेल असं हे व्याकरण इंग्रजीत आहे.