लसीच्या फ्रीजची रात्र

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमध्ये मात्र लसी २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात. कर्मचारी सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहितात. मधल्या रात्री वीज गेली तर? तापमान मोजणारा डिजिटल मल्टिमीटर केबलने संगणकाला जोडला, की दर मिनिटाची नोंद आपोआप साठते. ‘ई-विन’ प्रणालीचे सेन्सरही असेच अखंड मोजतात आणि बिघाड होताच मोबाइलवर इशारा देतात. उष्णतेइतकाच गारठाही घातक. पेंटाव्हॅलंट किंवा धनुर्वाताची लस एकदा गोठली, की निकामी होते. वितळल्यावरही वापरता येत नाही. म्हणून सकाळी आकडा ५ दिसला, तरी रात्रीचा आलेख पाहूनच लस बाहेर काढावी.